माझं वाक्य मीच संपवणार

सेनोबियाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या वाट्याचं तिचा भाऊ बोलत होता. त्यानंतर कितीतरी वर्षं तोच बोलत राहिला.

ओरुरोच्या बसस्थानकात पोतोसीच्या बस लागतात, त्या फाटकाला लागून माझी गाडी आहे. अपी, म्हणजे जांभळ्या मक्याचं गरम पेय, आणि सोबत काहीतरी तळलेलं, एवढंच मी विकते. आमच्या या उंचावरच्या गावात सकाळची थंडी अशी असते की पोटात काही गरम गेल्याशिवाय माणसाचे ओठ सुटत नाहीत. त्यामुळे ड्रायव्हर, हमाल, तिकीट खिडकीवरच्या मुली, सगळ्यांची पहिली फेरी माझ्याकडे.

रेमिख्यो हा ग्वाल्बेर्तोसाहेबांच्या बस कंपनीतला ड्रायव्हर. आईबाप गेल्यावर त्यानं बहिणीला गावाहून आणलं आणि त्याच कंपनीत सामानाच्या खोलीत लावून दिलं. बोचकी घ्यायची, चिठ्ठी लावायची, परत द्यायची. तिथं बोलावं लागत नाही, म्हणून ती जागा. सेनोबिया अडखळत बोलायची. शब्दाच्या तोंडाशीच गाडी अडायची, कधी पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा यायचं, कधी तर आवाजच फुटायचा नाही, नुसतं तोंड उघडं.

"दोन्या बासिलिया, हिला एक अपी," रेमिख्यो मला म्हणायचा. दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई.

"पा... पा..." सेनोबिया माझ्या परातीकडे बोट करायची.

"पाणी? पाणी द्या हो हिला. आणि एक बुन्युएलो."

मी पाणी द्यायचे आणि बुन्युएलो, म्हणजे तळलेली गोड पुरी, तीही द्यायचे. ती मुकाट्यानं दोन्ही घ्यायची. रेमिख्यो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. बहिणीवर त्याचा जीव होता. तिच्या घशात घास अडकला असता तर त्यानं पाठीत थाप मारली असती, तसा तिच्या तोंडात शब्द अडकला की तो पुढे व्हायचा. फक्त घास तिचाच असायचा आणि शब्द मात्र त्याचा.

एका सकाळी रेमिख्यो पोतोसीला गेलेला होता आणि ती एकटीच आली. मागे हमालांची रांग. तिनं परातीकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"पा..."

"पाणी ना? देते."

तिनं हात वर केला. वाहतुकीचा पोलीस करतो तसा, सरळ, पंजा माझ्याकडे. मी थांबले. रांग थांबली. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले, उघडले.

"पा-पा-पास्तेल," ती म्हणाली. "ची-चीजचं."

मी चीज भरून तळलेलं पास्तेल कागदात गुंडाळून दिलं. तेव्हा ती जे बोलली ते अजून माझ्या कानात आहे. "मला बुन्युएलो आ-आवडत नाही, दोन्या बासिलिया. कधीच आवडला नाही."

"अगं बाई, मग इतकी वर्षं खाल्लास कशाला?"

"कु-कुणी विचारलं?"

रांगेतला एक हमाल हसला. तीही हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

* * *

आमच्या स्थानकात प्रत्येक कंपनीची एक ओरडणारी असते. फाटकात उभं राहून गावाची नावं पुकारायची, इकडेतिकडे बघत येणाऱ्या माणसाला आपल्या बसकडे वळवायचं. ग्वाल्बेर्तोसाहेबांकडे लुर्देस होती. तिचा गळा असा की छतावरची कबुतरं उडायची. ती नवऱ्याबरोबर समुद्राकडे इकीकेला राहायला गेली आणि जागा मोकळी झाली. साहेब कुणाला तरी शोधत होते. तेव्हा सामानाच्या खोलीतून सेनोबिया बाहेर आली आणि म्हणाली, मी करते.

हे सगळं माझ्या गाडीसमोरच झालं. साहेब अपी पीत होते. त्यांना ठसका लागला.

"तू? अगं, तू काय करतेस?"

"ओ-ओरडते."

"सेनोबिया, पोरी, मी तुझा राग करत नाही हां. पण तुझं पोतोसी पूर्ण होईपर्यंत बस पोतोसीला पोचलेली असेल."

आजूबाजूचे सगळे हसले. रेमिख्यो तिथंच होता. त्याचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "साहेब, तिला म्हणायचंय की ती लुर्देसच्या जागी कुणी मिळेपर्यंत थोडी मदत..."

"तसं नाही म्हणायचं मला," सेनोबिया म्हणाली. एकही अक्षर न अडखळता आलं ते, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. पुढचं मात्र अडखळत आलं आणि त्याला वेळ लागला, पण तिनं ते सोडलं नाही. "साहेब, लु-लुर्देस कशी ओरडायची? पोतोसी, पोतोसी, पोतोसी. ती-तीनदा. को-कोचाबांबा तीनदा. ती तीनदा म्हणाली तर ती हाक. आणि मी पो-पो-पोतोसी म्हटलं की तो तोतरेपणा?"

हमाल पुन्हा हसले, पण या वेळी साहेबांकडे बघून. साहेबांनी पेला खाली ठेवला. त्यांना हरणं आवडत नाही, पण चारचौघांत कोत्या मनाचं दिसणं त्याहून आवडत नाही.

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात सांताक्रूसहून एक सर येतायत. आपल्या सगळ्या माणसांना आत्मविश्वास शिकवायला. तू पण बस तिथं. ते म्हणाले हिला जमेल, तर बघू."

संध्याकाळी रेमिख्यो माझ्याकडे आला. "तिला समजवा ना. लोक नक्कल करतील. मला बघवणार नाही."

"तुला बघवणार नाही म्हणून तिनं ओरडायचं नाही?"

"तुम्हाला माहीत नाही. शाळेत काय काय झालंय तिचं."

मला माहीत नव्हतं, हे खरं. ते तिनं मला पुढे स्वतःच सांगितलं.

* * *

सरांचं नाव फाब्रिसियो. तरुण, दात पांढरेशुभ्र, आमच्या थंडीत नुसत्या शर्टावर. ड्रायव्हरांच्या संघटनेच्या सभागृहात त्यांनी आम्हाला गोल बसवलं. मी कंपनीची नाही, पण अपी पोचवायला गेले होते आणि रेंगाळले. त्यांच्याकडे एक मोठा आरसा होता. एकेकानं आरशासमोर जायचं, स्वतःच्या डोळ्यांत बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी विजेता आहे. ड्रायव्हर लोक लाजत लाजत म्हणाले. एकानं केस विंचरून घेतले. प्रत्येकाला टाळ्या मिळाल्या.

सेनोबिया उठली. आरशासमोर उभी राहिली. सर तिच्या जवळ गेले, आवाज मऊ केला. "घाबरू नका मॅडम. आतून येऊ द्या."

"मी... मी वि... वि..."

"येतंय! येतंय!"

"मी वि... वि..."

"विजेती आहे!" सरांनी दोन्ही हात वर केले. "मी विजेती आहे! टाळ्या! जोरात!"

टाळ्या थांबेपर्यंत सेनोबिया उभी राहिली. मग म्हणाली, "मी वि-विचारत होते, खिडकी बंद करू का. गा-गार वारा येतोय."

सभागृह इतकं हसलं की खुर्च्या सरकल्या. सरही हसले, पण त्यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते. बाजारात एखादी वस्तू स्वस्तात दिसली की गिऱ्हाइकाचे डोळे होतात तसे. नंतर मी पेले गोळा करत असताना ते साहेबांना म्हणताना ऐकलं, "हिला संधी द्याच. हिच्यात गोष्ट आहे."

तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

* * *

पहिला दिवस वाईट गेला. फार वाईट.

साहेबांनी तिला लुर्देसचं निळं जॅकेट दिलं होतं. ती फाटकात उभी राहिली. फलाटावर रेमिख्योचीच बस होती आणि तो चाकामागे बसून तिच्याकडे बघत होता, श्वास रोखून. तीही त्याच्याकडेच बघत होती. तिनं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पुन्हा उघडलं.

"पो... पो... पो..."

"कोंबडी आली रे कोंबडी!" दुसऱ्या कंपनीचा एक पोरगा ओरडला. त्याच्या मित्रांनी पंख फडफडवले. प्रवासी वळून बघायला लागले. एका बाईनं तोंडाला रुमाल लावला, हसू लपवायला की दया लपवायला, कळलं नाही.

रेमिख्योला राहवलं नाही. त्यानं बसमधून उडी मारली, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि गळा फाडून ओरडला, "पोतोसी! पोतोसी! चला पोतोसी!" बस भरली आणि सुटली. सेनोबियानं जॅकेट काढलं, घडी घातली आणि सामानाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकात गेलीच नाही. घडी केलेलं जॅकेट मांडीवर घेऊन माझ्या गाडीमागच्या स्टुलावर येऊन बसली. मी पीठ मळत होते. मी तिला धीर दिला नाही. धीर देणाऱ्यांचा तिला कंटाळा आला असणार.

"मला एक सांग," मी म्हटलं. "तुला हे करायचंय कशाला? सामानाच्या खोलीत शेगडी आहे, बसायला खुर्ची आहे. कुणाला दाखवायचंय?"

ती विचार करत बसली. मी पाच-सहा पास्तेलं लाटली, तळली, दोन गिऱ्हाइकं केली. मग ती बोलायला लागली. तिचं बोलणं इथं मी जसंच्या तसं अडखळवत नाही. ती जशी बोलली तशी बोलली, मी ऐकलं.

लहानपणी गावाच्या शाळेत दर सोमवारी झेंड्यासमोर सगळ्या मुलांनी मिळून कविता म्हणायची पद्धत होती. बाईंनी तिला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस, ओळ बिघडते. शाळा सुटेपर्यंत ती प्रत्येक सोमवारी ओठ हलवत उभी राहिली. दुपारी मात्र लामांचा कळप घेऊन माळावर जायची. तिथं कुणी नसायचं. तिथं ती ओरडायची. लामांची नावं, डोंगरांची नावं, स्वतःचं नाव. आवाज माळाच्या त्या टोकाला जाऊन परत यायचा.

"तिथं अडत नव्हतं?"

"कधी अडायचं. पण ला-लामांना घाई नसते."

मी हसले. ती नाही हसली.

"काल मी रेमिख्योकडे बघत होते," ती म्हणाली. "त्याला दाखवायचं होतं. साहेबांना दाखवायचं होतं. त्या शाळेतल्या बाईंना दाखवायचं होतं, आणि त्या तर क-केव्हाच मेल्या."

"मग आता?"

तिनं खूप वेळ घेतला. ती अडली नव्हती, शब्द शोधत होती. दोन्हीतला फरक मला तोवर कळायला लागला होता.

"मला माझा आवाज आवडतो, दोन्या बासिलिया. हे मी कुणाला बोलले नाही. ज-जाडा आहे. अडतो. पण सुटला की लांब जातो. सामानाच्या खोलीत तो मला ऐकू येत नाही."

माझा स्वतःचा आवाज मला आवडतो की नाही, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. मी तिच्या हातात गरम पेला दिला. तिनं तो संपवला, जॅकेट घातलं आणि उठली.

त्या दिवशी ती फाटकात उलटी उभी राहिली. बसकडे पाठ. रेमिख्योकडे पाठ. तोंड समोरच्या भिंतीकडे, पार त्या टोकाच्या, जिथं उयुनीच्या बसच्या तिकीट खिडक्या आहेत तिकडे. छाती भरून श्वास घेतला.

"पो... पो... पोतोसीइइ!"

कोंबडीवाला पोरगा पुन्हा ओरडला. तिनं तिकडे पाहिलंही नाही. दुसरी हाक गेली, मग तिसरी. चौथ्या वेळी शब्द असा अडला की फक्त उघडं तोंड आणि शांतता. पण गंमत बघा, त्या शांततेमुळेच माणसं थबकली. सगळं स्थानक किंचाळत असताना एक बाई हात वर करून गप्प उभी आहे, म्हटल्यावर बघणारच ना माणूस. मग शब्द सुटला आणि तो खरंच त्या टोकापर्यंत गेला. लुर्देसचा आवाज टोकदार होता. हिचा जाडा, मोठ्या ढोलासारखा. छातीत लागायचा.

बस भरली. लुर्देसच्या वेळी भरायची तेवढीच. जास्त नाही, कमी नाही.

* * *

असे महिने गेले. सगळे दिवस सारखे नव्हते. काही सकाळी एकही गाव धड निघायचं नाही आणि वैतागून लोक दुसऱ्या बसकडे जायचे. "गेले तर जाऊ देत," ती म्हणायची. कुणी सल्ला द्यायचं, अगं हळू बोल, श्वास घे. ती म्हणायची, "मी हळूच बो-बोलते. घाईत तुम्ही आहात." कोंबडीवाल्या पोराला तिनं एकदा जवळ बोलावून सांगितलं, नक्कल चुकतेय, पहिला प लांब असतो, आणि कसा असतो ते करून दाखवलं. त्यानंतर त्याची हौस फिटली. रेमिख्यो मात्र अजून तिच्या शेजारी उभा राहिला की तिची वाक्यं पुरी करायचाच. सवय ती.

मग कंपनीच्या वर्धापनदिनाचं निघालं आणि फाब्रिसियो सर पुन्हा आले. या वेळी सोबत कॅमेरावाला. ते थेट फाटकात सेनोबियाकडे गेले. त्यांचं बोलणं मी सगळं ऐकलं, माझ्या गाडीपासून ती जागा चार हातांवर आहे.

"मॅडम, तुम्ही माझी सगळ्यात मोठी यशकथा आहात. आपण सभागृहात सगळ्यांसमोर सांगायची. आधी तुम्ही जुनं बोलून दाखवायचं, मग नवं."

"जु-जुनं म्हणजे?"

"ते... अडखळणं. थोडं जास्त केलंत तरी चालेल."

"आणि नवं?"

"सलग. एकच वाक्य. मी माझ्या तोतरेपणावर मात केली. बस. पाठ करा, लयीत म्हणा, गाणं म्हणतो तसं. गाण्यात कुणी अडखळत नाही."

"पण मी मा-मात केलेली नाही. तुम्ही आत्ता ऐकताय."

"मॅडम, लोकांना आशा हवी असते."

संध्याकाळी रेमिख्योनं तिची समजूत घातली. साहेब खूश होतील, पोतोसीच्या बसवर तिचं मोठं चित्र लावायचं म्हणतायत. "एक वाक्य तर आहे, सेनोबिया! एका वाक्यानं काय होतंय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला नाही कळायचं," ती म्हणाली. "तू आयुष्यात कधी वा-वाक्याची वाट बघितली नाहीस."

* * *

सभागृह गच्च भरलं होतं. ड्रायव्हर बायकापोरांसह, दुसऱ्या कंपन्यांचे मालक पाहुणे म्हणून. पुढच्या रांगेत साहेब नव्या कोटात. रेमिख्यो त्यांच्या मागे. मी भिंतीला टेकून.

सर व्यासपीठावर आले. त्यांनी आवाज खाली आणला. "मित्रांनो, एक बाई होती. ती शून्य होती. तिला बोलता येत नव्हतं, तिचं अस्तित्वच नव्हतं. मग एक दिवस तिनं आरशात बघितलं..." असं बरंच. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. मग त्यांनी सेनोबियाला बोलावलं आणि तिच्या हातात माईक दिला. कॅमेरा पुढे सरकला.

सेनोबियानं स्वतःची तपकिरी शाल घातली होती. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी... मी शू... शू..."

टाळ्या. प्रेमानं वाजवलेल्या, हिंमत देणाऱ्या. तिनं थांबून घेतलं.

"मी शू..."

पुन्हा टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "शाब्बास! जमतंय!"

तिनं हात वर केला. तोच तो सरळ पंजा. टाळ्या विरल्या.

"टा-टाळ्या वाजवू नका," ती म्हणाली. "टाळ्या वाजल्या की माझं वा-वाक्य तुटतं. पुन्हा पहिल्यापासून चढावं लागतं."

सरांनी माईकसाठी हात पुढे केला. तिनं माईक दिला नाही.

"मी शून्य नव्हते," ती म्हणाली. "मी सा-सामानाच्या खोलीत होते."

कुणीतरी मागे हसलं, मग हसू पसरलं आणि तिनं ते पसरू दिलं. "तुमची बो-बोचकी मी सांभाळली. तेव्हाही मी होते. मला ते-तेव्हाही बोलता येत होतं. तुम्हाला थां-थांबता येत नव्हतं."

साहेबांची मान लाल झाली होती. सर हसतमुख उभे होते, पण नजरेनं कॅमेरावाल्याला बंद कर असं सांगत होते. सेनोबिया पुढचं वाक्य बोलायला गेली आणि अडली. आवाजच नाही. तोंड उघडं, मानेच्या शिरा ताठ. क्षण गेले. लोक खुर्चीत हलायला लागले. मला स्वतःलाही ते बघणं अवघड झालं.

रेमिख्यो उभा राहिला. "तिला म्हणायचंय की ती सगळ्यांची आभारी..."

सेनोबियानं त्याच्याकडे बोट केलं. "बस खाली."

हे दोन शब्द कसे आले ते विचारू नका. सुरीसारखे आले. रेमिख्यो बसला. त्याला सगळ्यांसमोर चपराक बसावी तसा त्याचा चेहरा झाला.

ती पुन्हा त्या शब्दाकडे गेली. अडली. पुन्हा गेली. आणि मग तो सुटला.

"तो-तोतरेपणावर मी मात केलेली नाही. करायचीही नाही. तो आहे, मीही आहे. मला आ-आवाज आवडतो माझा, म्हणून मी ओरडते. कुणाला आ-आशा देण्यासाठी नाही. तुम्हाला पो-पोतोसीला जायचं असेल तर सकाळी फाटकात या."

माईक खाली ठेवून ती मधल्या वाटेनं बाहेर पडली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवू नका असं तिनंच सांगितलं होतं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी तिचं ऐकलं होतं. माझे हात मात्र शिवशिवत होते.

* * *

दुसऱ्या दिवशी साहेब फाटकात आले. रात्रभर राग शिजवून आले होते.

"पाहुण्यांसमोर माझी लाज काढलीस. जॅकेट दे. आजपासून परत सामानाच्या खोलीत."

"का?"

"का म्हणजे? मी सांगतो म्हणून!"

"ब-बस रिकामी गेली का एखादी?"

साहेबांनी फलाटाकडे पाहिलं.

"प्रवाशांची त-तक्रार आली?"

"प्रश्न तो नाहीये."

"मग काय आहे ते सांगा. मी थां-थांबते. मला सवय आहे."

जॅकेट घेऊन साहेब तरातरा निघून गेले. सेनोबियानं शाल घट्ट केली, बसकडे पाठ केली आणि हाक दिली.

साहेबांनी आपला भाचा आणून तिच्या शेजारी उभा केला. चांगला खणखणीत गळा होता पोराचा. तो इकडून ओरडायचा, ती तिकडून. एका बसला दोन ओरडणारे बघून प्रवाशांची करमणूक व्हायची. थोड्या दिवसांनी भाच्याला कंटाळा आला. तो तिकीट खिडकीवर गेला, तिथं शेगडी असते. साहेब जाता-येता तिच्याकडे न बघता जायला शिकले. मग एक दिवस निळं जॅकेट फाटकाच्या कडीला अडकवलेलं दिसलं. कुणी आणून ठेवलं, कुणी बोललं नाही. सेनोबियानं ते सामानाच्या खोलीत नेऊन ठेवलं. शाल जास्त ऊबदार आहे, म्हणाली.

फाब्रिसियो सर पुन्हा आले नाहीत. त्यांना दुसरी गोष्ट मिळाली असेल.

रेमिख्यो तिच्याशी बोलेना. पोतोसीहून आला की सरळ घरी. सकाळी माझ्याकडे अपी प्यायचा, तिच्याकडे पाठ करून. असे किती दिवस गेले, देवच जाणे. मग एका सकाळी पेला हातात तसाच ठेवून त्यानं विचारलं, "काही म्हणते का ती? माझ्याबद्दल?"

"मला काय विचारतोस? ती उभी आहे तिथं. जा, विचार."

"ती सांगेपर्यंत माझी बस सुटायची वेळ होईल."

"मग थोडी उशिरा सोड."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला बस उलटी चालवायला सांगितलं होतं. मग पेला ठेवला आणि गेला.

मी इथूनच बघत होते. त्यानं तिला काहीतरी विचारलं. ती त्याच्याकडे वळली, बोलायला लागली आणि अडली. मी त्याचा जबडा बघितला. ओठ उघडले, पुन्हा मिटले. त्यानं खालचा ओठ दातांत धरला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून जॅकेटच्या खिशात घातले. बसमधून कुणीतरी ओरडलं, "ओ उस्ताद, निघायचं की नाही?" त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. बऱ्याच वेळानं तिचं संपलं. तो तरीही उभाच राहिला, खरंच संपलं की अजून काही आहे याची खात्री करत. मग मान खाली घातली, हसला, आणि बसकडे पळाला.

ती त्याला काय म्हणाली ते मी विचारलं नाही. माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं आणि फाटकात तिनं पुन्हा छाती भरून श्वास घेतला होता.